साधा मजकूर

दत्तोबा मिठारींचा लेख नातवाच्या फोनवरून आला
तो अंगावर करडी पट्टी घेऊनच.
ओळीगणिक, अक्षरांच्या मागं,
ओल्या बनियनचा डाग खुर्चीला राहावा तशी.

गंगावेशीत जिन्याखालचं माझं दुकान,
तालमीची पंचाहत्तर वर्षं, स्मरणिका एकशेबारा पानं,
आणि शाहूपुरीतला प्रेसवाला
सकाळपासून तिसऱ्यांदा विचारतोय, झालं काय?

पट्टी धरली, रंग ‘काही नाही’ केला.
हलली नाही.
पांढरा दिला, तर पांढऱ्यावर पांढरं ठिगळ,
प्रिंटला कडा दिसतेच.

शिवाय हे:
काकांनी कधीतरी 1 लिहून पुढं टिंब दिलं असणार,
माती कशी करायची ते सांगायला.
तिथून यंत्रानं काही हात सोडला नाही.
1. ताक
2. हळद
3. लिंबं, शेकड्यानं
4. कापूर, तेल, हे वस्ताद सांगतील तेवढं
5. त्या साली पुराचं पाणी हौद्यात आलं
6. आमची मंडळी वारली
7. पुन्हा नवीन माती आणली
मी हसले, आणि मग
हसले म्हणून उठून पाणी पिऊन आले.

शेवटी सगळं सिलेक्ट केलं
आणि फॉरमॅटिंग पुसायचं बटण दाबलं.
एकदम.
पट्टी गेली. लिंबांखालची निळी रेघ गेली.
तीन तऱ्हेचे फॉन्ट होते, एक झाले.
नंबर उरले होते, तेही मग एकेक खुडले.
पान असं झालं,
जसा पहाटे फावड्यानं उकरून
काकांनी सारखा केलेला हौदा:
काल कोण कुठं चितपट झालं, खूण नाही.

वाचत खाली आले.
‘चाळीस वर्षं माती केली. माझ्या मातीवर पोरं मोठी झाली.’
हे पाठ होतं मला, सकाळी वाचलेलं.
पण त्याच्या पुढं एक ओळ,
जी सकाळी नव्हती.

‘मला एकदाबी कुणी लढ म्हटलं न्हाई.’

नव्हती कशी? होती.
आडवी रेघ मारलेली होती तिच्यावर,
म्हणून माझी नजर वरून घसरून गेलेली.
पट्टीबरोबर ती रेघही पुसली मी.
पुसलेलं पुसलं गेलं,
आणि खोडलेलं उभं राहिलं,
बारा पॉइंटात, काळं, इतर ओळींसारखंच.

जुन्या आवृत्त्या उघडून बघितल्या.
पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी ओळ आली.
साडेचारला रेघ.
पावणेपाचला रेघ काढली.
पाचला पुन्हा मारली.
पाचला तालमीचं दार उघडायची वेळ असते,
म्हणजे असायची.

अनडू केलं तर पट्टी परत येईल,
नंबर परत येतील, बायको पुन्हा सहा नंबरला.
नुसती ती ओळ धरून डिलीट दाबायची,
एवढंच खरं तर काम.
ते करायला बोट नेलं आणि फोन उचलला.

‘काका, तुमच्या लेखात शेवटाकडं एक ओळ आहे,
रेघ मारलेली होती, माझ्याकडून रेघ गेली.’
पलीकडं कुणीतरी कुकर उतरवत होतं.
‘कुठली गं?’
मी वाचून दाखवली. ‘लढ’वर माझाच आवाज अडखळला.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले,
‘राहू दे.’

‘राहू दे म्हणजे काका, ठेवू, का...’
‘राहू दे गं उर्मिले,’ म्हणाले,
आणि जेवलीस का विचारून
फोन ठेवला.

प्रेसवाल्याचा पोरगा सहाला आला.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून
पेन ड्राइव्ह बोटावर फिरवत राहिला.
कर्सर त्या ओळीच्या शेवटी
टिंबापाशी
लुकलुकत होता.
मी टिंबाच्या पुढं एक जागा दिली,
मग ती काढली,
आणि फाइल सेव्ह केली.